साहेब इथेच उतरतात

बस मधल्या एका गावाच्या स्टँडवर शिरली आणि थोरलीच्या पायाशी मुटकुळं करून झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला. त्याने अंग झाडलं, मान वर केली आणि दाराकडे तोंड करून तो थांबला. घाई नव्हती त्याला, पण उतरायचं आहे याबद्दल शंकाही दिसत नव्हती. थोरलीने साखळी आखडून घेतली. तिला अजून दोन तास पुढे जायचं होतं.

कंडक्टर मागून आला. त्याने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, उतरताय ना? साहेबांचा स्टॉप आला."

"कोण साहेब?"

"हे काय." त्याने हनुवटीने कुत्र्याकडे दाखवलं. "साहेब इथेच उतरतात."

थोरली म्हणाली की तुमची काहीतरी गल्लत होतेय, हा माझ्या वडिलांचा कुत्रा आहे, याचं नाव ढब्बू आणि हा आयुष्यात पहिल्यांदाच बसमध्ये बसलाय. कंडक्टरने वाकून कुत्र्याचा डावा कान पाहिला, ओळखपत्र तपासावं तसा. कानाचं टोक दुमडलेलं होतं. मग त्याने विचारलं, आजोबा आज आले नाहीत का? दोरी लावलेला चष्मा, राखाडी टोपी, ड्रायव्हरच्या मागची सीट, हातात कापडी पिशवी. मधेच कोणी खिडकी उघडली की बंद करायला लावणारे.

ते अप्पाच होते, तिचे वडील. खिडकीचं सांगितल्यावर तर प्रश्नच उरला नाही.

तेवढ्यात कुत्रा दोन पायऱ्या उतरून गेला होता. मागे उतरणारी माणसं खोळंबली, कोणीतरी "चला चला" म्हणालं, आणि काही ठरवायच्या आत थोरली खाली फलाटावर उभी होती. कंडक्टरने तिची बॅग आणि अवजारांची जड पेटी खाली दिली, पुढची बस तीन तासांनी आहे असं सांगितलं आणि घंटी मारली. बस गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला इथे उतरायचं नव्हतं.

घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. शिलाई मशीन बसवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. कपड्यांच्या कारखान्यात नवी मशीन आली की ती जायची, मशीन जागेवर बसवायची, टाके जुळवून द्यायची आणि तिथल्या बायकांना चार दिवस शिकवून परत यायची. या वेळी चाळीस मशीन होती आणि बुधवारी सकाळी काम सुरू व्हायलाच हवं होतं.

या प्रवासाच्या आठ दिवस आधी, सोमवारी सकाळी, अप्पा स्वयंपाकघरात पाणी भरताना खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. म्हणजे अगदी गेलं असंही नाही. एक शब्द उरला होता, "चमचा". पाणी हवं असलं तरी चमचा, उशी टोचली तरी चमचा, नर्स आवडली नाही तरी चमचा. हॉस्पिटलमध्ये बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या की शब्द हळूहळू परत येतील, कोणत्या क्रमाने येतील ते सांगता येणार नाही, तोवर त्यांना दुरुस्त करू नका.

धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन आला आणि अप्पांच्या घरी राहिला. पण त्याच्या मुलीला कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची. म्हणून ढब्बू थोरलीच्या दोन खोल्यांमध्ये आला. कामावर निघायची वेळ आली तेव्हा तिने कुत्रे ठेवून घेणाऱ्या दोन ठिकाणी विचारून पाहिलं, दोन्ही भरलेली. शेवटी कारखान्याच्या मॅनेजरला फोन केला. त्याने बराच विचार करून सांगितलं की पाहुण्यांच्या खोलीत कुत्रा चालेल, पण गादीवर नको.

तर असा तो प्रवास होता. आणि आता एका अनोळखी गावाच्या स्टँडवर, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात साखळी धरून ती उभी होती, आणि कुत्रा साखळी ताणून तिला फाटकाकडे ओढत होता.

तिने ठरवलं की तीन तास बाकावर बसून काढायचे. पेटी बाकाखाली ठेवलीही. पण औषधाच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या बाईने "काय साहेब, आज मंगळवारी?" असं कुत्र्यालाच विचारलं, आणि कुत्र्याने शेपटी हलवली, तेव्हा तिला बसवेना. बॅग आणि पेटी तिने स्टँडवरच्या सामानखोलीत दिली आणि साखळी सैल सोडली.

कुत्रा रस्त्याच्या कडेने सरळ चालत गेला. शाळेची लांब भिंत संपल्यावर डावीकडे वळला. एका इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली डोकावला, तिथे काही नव्हतं, तसा पुढे निघाला. एका गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याने मागे वळून पाहिलं, ही बाई येतेय की नाही ते. थोरलीला वाटलं, आपण याला फिरवत नाही आहोत, हाच आपल्याला कुठेतरी पोचवायला निघालाय. अप्पा या गल्लीत काय करत होते? आई गेल्यापासून ते बाजारापलीकडे कुठे जातात हे तिच्या ऐकिवात नव्हतं. ती दर रविवारी भेटायला जायची. कधी कधी कुत्रा घरात नसायचा हे खरं. विचारलं की अप्पा म्हणायचे, नेलाय कोणीतरी फिरवायला. कोणी, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

गल्लीच्या शेवटी पत्र्याच्या छपराचा एक कारखाना होता, सुताराचा. दारात ढलप्यांचा ढीग, आत भिंतीला टेकवलेल्या चौकटी, आणि मधोमध एका जाड टेबलावर फळीला रंधा मारणारा एक म्हातारा. हडकुळा, हात मात्र मोठे, कानामागे चपटी पेन्सिल. थोरलीने गळ्यातली साखळी काढली तसा कुत्रा थेट आत गेला आणि त्याच्या पायाजवळच्या भुशात जाऊन बसला, रोजच्या जागी बसावं तसा.

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. रंधा थांबला. मग त्याने दाराकडे पाहिलं. दारात अप्पा नव्हते, एक अनोळखी बाई होती आणि तिच्या हातात मोकळी साखळी होती. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटल्यासारखं झालं. त्याने रंधा हळूच आडवा ठेवला आणि मागच्या स्टुलावर बसला.

"कधी गेले?" त्याने विचारलं.

थोरलीला क्षणभर कळेना की कोण, कुठे गेलं. मग कळलं. ती म्हणाली, गेले नाहीत, हॉस्पिटलमध्ये आहेत, तब्येत सुधारतेय. म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "त्रास झाला का फार?" तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्याने पुन्हा मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते भुशाच्या हाताने पुसत होता, त्यामुळे आणखीच येत होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याला ऐकू येत नाही. ती पुढे झाली, त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या रंधलेल्या फळीवर लिहिलं: अप्पा आहेत. हॉस्पिटलमध्ये. बोलता येत नाही. मी मुलगी.

त्याने ते दोनदा वाचलं. मग बोट ठेवून एकेक शब्द पुन्हा वाचला. "आहेत" या शब्दावर बोट बराच वेळ राहिलं.

"फळी खराब केलीस," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाची आहे." आणि उठून पाणी प्यायला आत गेला.

आतून त्याची सून आली. तिच्या हातावर पीठ होतं. कुत्र्याला पाहून ती म्हणाली, "अगं बाई, साहेब लवकर आले," आणि मग तिची नजर थोरलीवर गेली. पुढचा अर्धा तास थोरलीने जे ऐकलं ते बहुतेक या सुनेकडून, भुशाने भरलेल्या बाकावर बसून. सासरा अधूनमधून मधेच बोलायचा आणि मग गोष्ट वेगळीच व्हायची.

चार वर्षं हा कुत्रा दोघांचा होता. पंधरा दिवस अप्पांकडे, पंधरा दिवस सुताराकडे. अदलाबदल शनिवारी. एका शनिवारी अप्पा त्याला घेऊन यायचे, संध्याकाळपर्यंत थांबायचे आणि एकटे परत जायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचे आणि घेऊन जायचे. सुताराला बस लागायची म्हणून जाणंयेणं अप्पांच्याच अंगावर.

पण कुत्रा मुळात कोणाचा, यावर मात्र एकवाक्यता नव्हती. सुताराचं म्हणणं, त्याच्याच कारखान्यात जन्मलेलं हे पिल्लू. एक दिवस फाटक उघडं राहिलं आणि अप्पांनी ते स्टँडवरून उचलून नेलं. चक्क चोरी. महिन्याने कुत्र्याला बरोबर घेऊन अप्पा कामासाठी इकडून जात होते, तेव्हा सुताराने स्टँडवर त्यांना पकडलं आणि मोठी बाचाबाची झाली. सून म्हणाली, अप्पांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी कुत्रा स्वतःच्या घराजवळ पाळला होता, तो बसमधून उतरून हरवला आणि सुताराने दडवून ठेवला. मग सासरा पाणी पिण्यासाठी पुन्हा आत गेला तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांगू? तो दोघांचाही नाही. फरश्यांच्या ट्रकमधून आला होता. मी उतरताना पाहिलाय. पण आता कोणाला सांगायचं?"

थोरलीच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिने विचारलं की अप्पांनी हे घरी का सांगितलं नाही. सून म्हणाली, ते म्हणायचे, पोरं म्हणतील म्हातारा कुत्र्यासाठी एवढा प्रवास करतो, आणि मग पोरं सोय करतील. त्यांना सोय नको होती.

हे बोलणं चालू असताना थोरलीची नजर कोपऱ्यातल्या एका स्टुलावर गेली. तीन पाय, प्रत्येक पायाच्या मधोमध एक गोल गाठ कातलेली. असली दोन स्टुलं अप्पांच्या स्वयंपाकघरात होती. टेलिफोन ठेवायची तिवईही तशीच. धाकट्याच्या मुलीसाठी अप्पांनी पाळणा आणला होता, त्याच्या खांबांनाही अशाच गाठी होत्या. बाजारात स्वस्तात मिळाला, असं म्हणाले होते. तिने उठून स्टुलाच्या पायावरून हात फिरवला. म्हणजे गेली चार वर्षं या माणसाचं घरात येणंजाणं चालूच होतं, फक्त तो स्वतः येत नव्हता.

तिने बाहेर गल्लीत येऊन धाकट्याला फोन लावला. तो हॉस्पिटलमध्येच होता. तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, ताई, तुला कोणीतरी गंडवतंय, कुठला सुतार, कसला साहेब, तू आधी पुढची बस पकड. पाळण्याचं सांगितल्यावर त्याने विचारलं, आपला पाळणा? ती म्हणाली, फोन अप्पांच्या कानाला लाव.

"अप्पा," ती म्हणाली, "मी सुतारांकडे आलेय. ढब्बू इथे आहे."

पलीकडे आधी श्वास ऐकू आला. मग अप्पा म्हणाले, "चमचा." थोडं थांबून, "चमचा चमचा. चमचा." एकामागोमाग एक, वर-खाली आवाज करत, जणू मोठं वाक्य बोलत होते. तिला त्यातलं काहीच समजलं नाही. ठेव म्हणत होते की ठेवू नकोस? तिथे कशाला गेलीस, की बरं झालं गेलीस?

धाकट्याने फोन परत घेतला. तिने विचारलं, कसे दिसतायत? तो म्हणाला, "हसतायत. नाहीतर रडतायत. ताई, एकच बाजू हलते ना, मला नाही कळत."

ती परत आत आली तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, म्हणजे ठरवलं असं तिला वाटत होतं. कुत्र्याला इथेच ठेवावं. इथे त्याचं घर आहे, भुशातली जागा आहे, सून प्रेमाने करते. कारखान्यातल्या पाहुण्यांच्या खोलीपेक्षा इथे तो सुखी राहील, आणि अप्पा आता त्याला पाळू शकतील असं दिसत नाही. एवढं सगळं फळीवर लिहिणं शक्य नव्हतं. सुनेने एक पाठकोरा कागद दिला. त्यावर तिने लिहिलं: काका, कुत्रा तुमच्याकडे ठेवून घ्या. कायमचा.

सुताराने कागद वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला.

"आज वार कोणता?" त्याने विचारलं.

"मंगळवार."

त्याला ओठांवरून कळलं. "शनिवारला चार दिवस आहेत," तो म्हणाला. "हे तुझ्या वडिलांचे दिवस चालू आहेत. त्यांच्या दिवसांतला कुत्रा मी ठेवून घेतला तर त्याचा अर्थ काय होतो?"

थोरली परत आलेल्या कागदाची घडी उलगडू लागली.

"तू लिहिलंस ना, आहेत म्हणून? मग घेऊन जा. शनिवारी आण."

तिला हसू आलं आणि रागही आला. चार दिवसांसाठी कुत्रा दोन तास पुढे न्यायचा, मग दोन तास मागे आणायचा, याला काही अर्थ आहे का? ती सुनेकडे पाहू लागली. सून खाली पाहून हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढत होती. सुताराने रंधा उचलला, फळी उलटी केली, लिहिलेली बाजू खाली गेली, आणि तो कामाला लागला. निघताना कुत्रा मात्र उठेना. सुतारानेच त्याला मानेला धरून उठवला, दारापर्यंत नेला आणि साखळी तिच्या हातात दिली. मग तो तिथे थांबला नाही.

पुढच्या बसमध्ये वेगळा कंडक्टर होता. त्याने कुत्र्याचं तिकीट फाडलं, बाकी काही विचारलं नाही. याचं थोरलीला बरं वाटलं.

कपड्यांच्या कारखान्यातले पहिले तीन दिवस तिचे गेले कसे, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मशीन बसली, पट्टे चढले, दोरे ओवले गेले. बायका हुशार होत्या. पण गुरुवारी कापडाची कड शिवणाऱ्या एका ओव्हरलॉक मशीनवर टाके सुटायला लागले. एक टाका धरायचा, दोन सोडायचे. तिने दोऱ्याचा ताण बदलून पाहिला, खालचा दोरा फिरवणारा लूपर खोलून पुन्हा जुळवला, तेल पाहिलं, दोराच बदलला. दोन तास गेले. शेवटी पलीकडच्या मशीनवरची एक बाई उठून आली, वाकून पाहिलं आणि संकोचाने म्हणाली, मॅडम, सुई उलटी बसलीय वाटतं. खरंच उलटी होती. खाच मागे असायला हवी ती पुढे आली होती, आणि ती सुई सकाळी थोरलीने स्वतः बसवली होती. अठरा वर्षांत तिच्याकडून हे कधी झालं नव्हतं. बायका हसल्या, तीही हसली, मग स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

कुत्रा दिवसभर फाटकावरच्या पहारेकऱ्याजवळ असायचा. पहारेकरी पहिल्या दिवशी म्हणाला, याला काय हाक मारू? ती ढब्बू म्हणाली. मग साहेब म्हणाली. मग म्हणाली, काहीही मारा. दुपारच्या सुट्टीत ती त्याच्याजवळ जाऊन बसायची. तो तिच्याकडे पाहायचा, शेपटी एकदा हलवायचा आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करायचा. तो कोणाची वाट पाहत होता? अप्पांची की सुताराची? की त्याला फक्त दिवस मोजायची सवय लागली होती? आठ दिवस तो तिच्या घरात होता, एका खोलीत झोपला होता, आणि तिला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आणि मग तो विचार पुढे जायचा, तो कुत्र्यावर थांबायचा नाही.

रोज संध्याकाळी ती धाकट्याला फोन करायची. अप्पा थोडे बसू लागले होते. शब्द तोच होता. शुक्रवारी धाकटा म्हणाला, की त्याने त्यांना सहज विचारलं, पाळणा सुतारांनी केला का, तर त्यांनी डावा हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं, सोडेचनात. याचा अर्थ काय घ्यायचा, असं तो तिलाच विचारत होता. त्याच्या आवाजात आता चीड नव्हती. तो म्हणाला, "ताई, तू उद्या जाणार आहेस ना तिथे? जा."

शनिवारी कारखाना दुपारी सुटला. मॅनेजरने विचारलं, कुठे? तिने सांगितलं, कुत्र्याला पोचवायला. तो म्हणाला, म्हणजे शेवटी सोय झाली तर. ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं.

या वेळी गल्लीत शिरताना कुत्रा पुढे आणि ती मागे असं नव्हतं. दोघं बरोबरीने चालली. सुताराच्या दारातल्या ढलप्या झाडून एका बाजूला केलेल्या होत्या. सुताराने धुतलेला शर्ट घातला होता. तो बाहेरच उभा होता. तिने साखळी पुढे केली. त्याने ती घेतली, आणि मगच वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"कसे आहेत?" त्याने विचारलं.

तिने हाताने बसण्याची खूण केली. बसतात. त्याने मान हलवली.

मग चहा झाला. त्यानंतर काय करायचं ते तिला कळेना. अप्पा संध्याकाळपर्यंत थांबायचे, असं सून म्हणाली होती. थांबून काय करायचे? तिने सुनेला विचारलं. सून म्हणाली, काही नाही हो. मामंजी काम करायचे, अप्पा तिथे बाकावर बसायचे. कधी पेपर वाचायचे. ते बोलायचे पुष्कळ, ह्यांना काही ऐकू यायचं नाही. मामंजींनी काही विचारलं की अप्पा उत्तर द्यायचे, ते ह्यांना कळायचं नाही, मग हे भलतंच काहीतरी समजायचे. एकदा तर महिनाभर ह्यांना वाटत होतं की तुमचं लग्न ठरलंय. लग्नात द्यायचा चौरंग पण करायला घेतला होता.

थोरली बाकावर बसून राहिली. म्हातारा रंधा मारत होता. कुत्रा भुशात झोपला. तास दीड तास ती तिथे होती, आणि त्या वेळात तिला काही उलगडलं असं नाही. उलट एकेक प्रश्न नवा निघत होता. अप्पा एवढं काय बोलायचे? घरी तर त्यांच्याशी चार वाक्यं झाली की संपायचं. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर बसून त्यांनी जे सांगितलं, ते तिने विचारलं असतं तर तिला सांगितलं असतं का? तिला मधेच वाटलं की आपणही काहीतरी बोलावं. तिने सुरुवातही केली. सुई उलटी बसवल्याचं सांगितलं. म्हाताऱ्याने मान वर केली आणि म्हणाला, "हो, हो, पाऊस येणारच." बाहेर स्वच्छ ऊन होतं.

पुढच्या बुधवारी काम संपवून ती घरी परतली. अप्पांना त्याच आठवड्यात घरी सोडलं. आता त्यांच्याजवळ तीन शब्द होते, चमचा, हो आणि उद्या. पण हो म्हणजे कधी कधी नाही असायचं. पंधरा दिवस संपले त्या शनिवारी थोरली अप्पांच्या घरून कुत्र्याला आणायला निघाली होती, इतक्यात दारावर टकटक झाली.

दारात सुतार उभा होता. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. बस लागली होती हे उघड होतं. मागे सून, तिच्या हातात साखळी, आणि कुत्रा तर स्टँडपासून वाट दाखवत येऊन केव्हाच आत घुसला होता. सुताराच्या खांद्यावर एक लांबट गुंडाळी होती, गोणपाटात बांधलेली.

धाकट्याने मुलीला मागच्या खोलीत पाठवून त्यांना आत बोलावलं, बसायला दिलं, पाणी दिलं. सुतार बसला नाही. तो अप्पांच्या पलंगापाशी गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी कोणाचा हात धरला नाही, गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. सुतार म्हणाला, "माझाच आहे तो. मी आजही सांगतो." अप्पांचा अर्धा चेहरा वर गेला. ते म्हणाले, "चमचा."

"ते तू म्हणणारच," सुतार म्हणाला.

मग त्याने गुंडाळी सोडली. आत एक दांडा होता, गुळगुळीत घासलेला, हाताला धरायला पुरेल इतका जाड. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत भिंतीला बसवायचा, असं तो म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं होतं? थोरलीने सुनेकडे पाहिलं, सुनेने खांदे उडवले. सुताराने भिंतीवर पेन्सिलीने एक खूण केली. अप्पांनी डावा हात उचलून जरासा खाली केला. "उद्या," ते म्हणाले. सुताराची त्यांच्याकडे पाठ होती. तरी त्याने पहिली खूण खोडली आणि दोन बोटं खाली दुसरी केली.

थोरली पाहतच राहिली. त्याला कसं कळलं? की कळलं नव्हतं, त्याची त्यालाच खूण उंच वाटली होती? विचारून उपयोग नव्हता. विचारलं तर त्याला ऐकू आलं नसतं, आणि ज्याला ऐकू आलं असतं त्याने हो म्हटलं असतं, ज्याचा अर्थ काहीही निघाला असता.

"मुली," सुतार न वळता म्हणाला, "उभी काय राहिलीस. टेपचं टोक धर."

तिने टेपचं टोक घेतलं आणि भिंतीशी घट्ट दाबून धरलं. तो दुसरं टोक घेऊन न्हाणीघराच्या दाराकडे मागे मागे सरकत गेला.